घरातल्या जुन्या ३१५ रायफलचा नेम सुधारायचाय? पाकीट उघडायच्या आधी हे वाचा

सत्तरी, सांगे, काणकोण, डिचोली या बाजूच्या बऱ्याच जुन्या घरांत अजून एखादी बंदूक किंवा रायफल कपाटात पडून असते, आजोबांच्या नाहीतर काकांच्या लायसनवरची, आणि मग वारसाहक्काने ती आपल्या नावावर येते. नावावर आली की पहिला प्रश्न पडतो, ही अजून नीट लागते का? रेंजवर नेली की चार गोळ्या चार दिशांना जातात. मग कोणीतरी सांगतं नळी गेली, कोणी म्हणतं स्कोप लाव, आणि आपण पैसे घालायला बसतो.

थांबा जरा. माझं म्हणणं एकच आहे, जुन्या रायफलचा बिघडलेला नेम बहुतेक वेळा नळीत नसतो, तो लाकडात, स्क्रूत, घाणीत आणि आपल्या खांद्यात असतो, आणि या चारही गोष्टी फार कमी पैशांत सुधारतात. गोव्यात तर लाकूड हाच मुख्य आरोपी समजा, चार महिने पाऊस आणि वर खारी हवा.

शिकारीबद्दल सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार हा विषय आता संपलेला आहे. कुळागरात रानडुकरं आणि खेती (माकडं) धुमाकूळ घालतात हे मलाही माहीत आहे, पण त्याचा रस्ता वनखात्याकडून जातो, तुमच्या खिडकीतून नाही. इथे फक्त रेंज आणि कागदाचं टार्गेट.

१. आधी कागदपत्रं, मग स्क्रूड्रायव्हर

कंटाळवाणं वाटेल पण हे वगळू नका. हाताशी हे ठेवा:

- लायसन, मुदत बघून (२०१९ च्या दुरुस्तीनंतर ते ५ वर्षांचं असतं), त्यावर यूआयएन नंबर (लायसनदाराचा सरकारी ओळख क्रमांक) आहे ना तेही बघा
- रायफलवरचा नंबर आणि लायसनवरचा नंबर, एकेक आकडा जुळवून. जुन्या हस्ताक्षरातल्या लायसनवर ३ आणि ८ ची अदलाबदल होते, आणि ती चूक रेंजवर लक्षात येण्यापेक्षा घरी आलेली बरी
- वर्षाला किती काडतुसं घेता येतात तो आकडा, लायसनवरच लिहिलेला असतो
- लायसन कुठवर चालतं, फक्त गोवा की ऑल इंडिया
- काडतुसांच्या खरेदीच्या पावत्या

अजून रायफल नावावर झालीच नसेल तर पुढचं काही करू नका. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये वारसाला लायसन मिळायची सोय आहे, मूळ लायसनदार वारल्यावर किंवा तो ७० वर्षांचा झाल्यावर किंवा हत्यार २५ वर्षं बाळगल्यावर. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्या तालुक्याप्रमाणे उत्तर गोवा नाहीतर दक्षिण गोवा. लायसन हातात येईपर्यंत रायफल कायदेशीरपणे जमा राहू दे, पोलीस स्टेशनात किंवा परवाना असलेल्या डीलरकडे. "घरातच तर आहे" हे उत्तर चालत नाही.

दुसरं म्हणजे १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्तीचा धंदा करायला परवाना लागतो. आपली रायफल आपण पुसणं, तेल लावणं, स्क्रू आवळणं ही देखभाल झाली. पण लेथवाल्याकडे, वेल्डिंगवाल्याकडे, वाड्यावरच्या सुताराकडे रायफल सोडून यायचं नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी. गन हाऊसमध्ये ठेवलीत तर नंबरासकट पावती घ्या. आणि नळी आखूड करणं हा कलम ६ चा वेगळाच मामला आहे, त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते, त्यामुळे "तोंडाकडचा इंचभर कापून टाकू, नवीन होईल" असं कोणी म्हणालं की तिथून निघा.

रेंजचंही आधी फोनवर विचारून घ्या. बऱ्याच रेंज १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर पॉइंट टू-टू साठी बांधलेल्या असतात, तिथे ३१५ सारखं मोठं काडतूस चालत नाही, मागची भिंत त्यासाठी नसतेच. राज्याबाहेरच्या रेंजवर जायचा विचार असेल तर लायसनची हद्द बघा. फक्त गोव्यापुरतं लायसन घेऊन पत्रादेवी, केरी किंवा पोळेचा नाका ओलांडलात तर तुम्ही विनापरवाना हत्यार घेऊन फिरताय असाच त्याचा अर्थ होतो.

२. आपल्याकडे नक्की काय आहे ते ओळखा

आपल्याकडे सापडणारी रायफल बहुतेक वेळा इशापूर कारखान्याची ३१५ स्पोर्टिंग असते. तिचा सांगाडा ली-एनफील्डचा, तोच जो ३०३ ला होता, आणि काडतूस मात्र ऑस्ट्रियन मानलिखर घराण्यातलं, ८ बाय ५० कडेवालं. ही जोडी जमली कारण ब्रिटिश काळात ३०३ हे लष्करी काडतूस म्हणून सामान्य माणसाला मिळत नव्हतं, मग तीच रायफल दुसऱ्या काडतुसात बनवायची पळवाट निघाली.

यातला सापळा असा, लोक हिला "आठ एमएम" म्हणतात, आणि आठ एमएम म्हणजे माउझरचं ८ बाय ५७ पण असतं. ती दोन काडतुसं पूर्णपणे वेगळी आहेत. नळीवर जे कोरलंय तेच काडतूस, दुसरं काहीही बसलं म्हणून घालायचं नाही.

नेमाच्या नादाला लागायच्या आधी परवानाधारक गनस्मिथकडून एकदा सुरक्षा तपासणी करून घ्या, या सगळ्या खटाटोपात पैसे द्यायलाच हवेत अशी ही पहिली जागा. त्याला हेडस्पेस बघायला सांगा, म्हणजे बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा सरकता दांडा) बंद झाल्यावर काडतुसाच्या मागे किती जागा उरते ते. नळीत फुगवटा, खोल खड्डे, रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागाला) तडा हेही. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी नंबर असतो तो रायफलच्या नंबराशी जुळतो का बघा, कारण ली-एनफील्डचा बोल्ट त्या त्या रायफलला बसवलेला असतो, दुसऱ्या रायफलचा बोल्ट आत गेला म्हणजे तो चालतो असं नाही. आधी उडवलेली रिकामी केस घरात असेल तर तिच्या बुडाच्या थोडं वर चमकदार गोल रेघ दिसते का पाहा. दिसली तर केस तिथे ताणली जातेय आणि पुढच्या वेळी तुटू शकते, अशी रायफल गनस्मिथने हो म्हटल्याशिवाय उडवायची नाही.

३. काहीही बदलायच्या आधी मोजा

नवखे हीच पायरी गाळतात. रायफल आज कुठे उभी आहे हेच माहीत नसेल तर उद्या सुधारली की बिघडली ते कसं कळणार?

लागणारं सामान: वाळूच्या दोन पिशव्या (जुन्या जीन्सचे पाय कापून शिवा, वाळू कोरडी घ्या), कानाचे मफ, चष्मा, टार्गेटचे कागद, पेन, वही.

पन्नास मीटरवर बसून, पुढची पिशवी लाकडाखाली, नळीखाली कधीच नाही, आणि मागची दस्त्याखाली. पाच गोळ्या, मध्ये नळी गार होऊ द्यायची, प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीतून बघून कागदावर नंबर टाकायचा. पहिली थंड नळीची गोळी वेगळी खूण करा. टार्गेटच्या मध्यात लागतंय का याची आत्ता काळजीच नको, पाचही गोळ्या किती जवळजवळ पडतात तेवढंच बघायचं.

अपेक्षा किती ठेवायची? नेमबाज मिनिट या मापात बोलतात, १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे साधारण २.९ सेंटिमीटर. लोखंडी साइटच्या जुन्या ली-एनफील्ड जातीच्या रायफलने तीन-चार मिनिटांचा ग्रुप (गोळ्यांचा एकूण पसारा) दिला, म्हणजे १०० मीटरवर ९ ते १२ सेंटिमीटर, पन्नासवर त्याच्या निम्मा, तर मी तिला चांगली म्हणेन आणि हात लावणार नाही. मोबाईलवर दिसणाऱ्या एक रुपयाच्या नाण्याएवढ्या ग्रुपशी तुलना करत बसू नका, ते बेंचरेस्टचं वेगळं जग आहे.

आता कागद वाचायचा:

- गोळ्या उभ्या रेषेत पडतायत: पुढचं लाकूड नळीवर दाब देतंय, नाहीतर काडतुसं मिसळलेली आहेत, नाहीतर तुमचा श्वास
- दोन वेगळे गठ्ठे: काहीतरी सैल आहे आणि दोन जागी बसतंय, स्क्रू किंवा साइट
- नळी तापत जाईल तसा ग्रुप एका बाजूला सरकतोय: लाकूड एका बाजूने नळीला टेकतंय
- सगळीकडे पसरलेत, काही नियमच नाही: आधी स्वतःला तपासा, मग नळीचं तोंड

स्वतःला तपासायची फुकट युक्ती आहे. रेंजवर सोबत असलेल्या जाणत्या माणसाला सांगा, मधूनच तुम्हाला न कळता खऱ्या काडतुसाऐवजी स्नॅप कॅप भरायची, म्हणजे डमी. चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि रायफलचं टोक तरीही खाली झुकलं तर नेम रायफलचा गेलेला नाही, तुम्ही धक्क्याच्या भीतीने आधीच आखडताय. ३१५ चा धक्का काही प्रेमळ नसतो, आणि त्या दस्त्याच्या पितळी नाहीतर लोखंडी बुडाने तर खांद्यावर काळं-निळं येतं. खांद्यावर दुमडलेला टॉवेल ठेवला तरी फरक पडतो. घरी स्नॅप कॅप घालून कोरडा सराव करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलुपात, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) दोनदा बघून. वर्षाच्या मोजक्या काडतुसांत सराव करायचा म्हणजे हाच मार्ग आहे.

४. नळीची सफाई

सामान: एका तुकड्याचा कोटिंगवाला रॉड, त्या मापाचा ब्रश आणि जॅग (रॉडच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा), जुन्या सुती बनियनच्या चिंध्या, रॉकेल किंवा साधं बोअर सॉल्व्हेंट, तांबं काढणारं अमोनियावालं सॉल्व्हेंट, बंदुकीचं तेल. रॉड चांगला घ्या, बाकी सगळं स्वस्तात चालेल.

बोल्ट काढा. ली-एनफील्डमध्ये बोल्ट पूर्ण मागे घेऊन पुढचं डोकं वर फिरवलं की तो मोकळा होतो. आता रॉड मागून, चेंबरच्या बाजूने घालायचा. जुन्या रायफलींच्या नळीचं तोंड गोळ्यांनी कमी आणि पुढून ओढलेल्या पुलथ्रूच्या दोरीने जास्त झिजलेलं असतं, दोरी वर्षानुवर्षं एकाच कडेला घासते आणि तिथे खाच पडते. पुलथ्रूच वापरणार असाल तर दोरी सरळ ओढा, कडेला टेकू देऊ नका.

पहिल्या दिवशी फक्त जुनं ग्रीस आणि काजळी काढा. दुसऱ्या दिवशी तांब्याचं सॉल्व्हेंट, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ नळीत सोडायचं नाही. चिंधी निळी-हिरवी निघाली म्हणजे तांबं सुटतंय. पितळी जॅग वापरलात तर तो जॅगच सॉल्व्हेंटमध्ये विरघळून चिंधी कायम निळी येत राहते आणि माणूस आठवडाभर घासत बसतो, म्हणून प्लास्टिकचा जॅग. कित्येक वर्षांत कोणी तांबं काढलेलंच नसतं, त्यामुळे घाई नको, हे दोन-तीन बैठकांचं काम समजा.

खोबरेल तेल लावायची आपल्याकडे पद्धत आहे, घरात पडलेलं असतं म्हणून. नको. ते कालांतराने चिकट होतं, बोल्टच्या स्प्रिंगमध्ये गोंदासारखं बसतं. आणि फार जुनी काडतुसं उडवली असतील तर त्यांच्या बुडाच्या ठिणगीच्या टोपीत क्लोरेट असायचं, ते जळून मीठ मागे उरतं आणि आपल्या हवेत ते मीठ एका रात्रीत गंज धरतं. तेलाने मीठ जात नाही, पाण्यानेच जातं. मागून नळीत उकळतं पाणी ओतायचं, कोरडं करायचं, मग तेल.

उडवायच्या आधी तेल पुसून नळी कोरडी करा. तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते.

५. नळीचं तोंड

कापसाची कानकाडी घ्या, नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवर हळूच फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे खरड किंवा ठोका बसलाय. गोळी नळी सोडताना मागचा वायू सगळीकडून एकदम सुटायला हवा, एका बाजूने आधी सुटला तर गोळी कलते. भिंगातून बघा, नळीच्या आतल्या पिळाच्या रेघा तोंडापर्यंत स्पष्ट येतायत का.

दोष असेल तर गनस्मिथकडून तोंड नीट करून घ्या. झीज आत खोलवर असेल तर तो आतून थोडं रुंद करून नवीन कड पुढे न आणता मागे बनवू शकतो, म्हणजे नळीची लांबी तीच राहते आणि कलम ६ चा प्रश्न येत नाही. मोठ्या खर्चाचं काम नाही हे. स्वतः ड्रिल घेऊन बसू नका.

६. लाकूड आणि स्क्रू, खरी गंमत इथे आहे

ली-एनफील्ड जातीत लाकूड दोन तुकड्यांत असतं, मागे दस्ता आणि पुढे फोरएंड, मध्ये रिसीव्हरचं लोखंड. धक्का बसला की पुढचं लाकूड रिसीव्हरच्या मागच्या भागाला ठराविक दोन जागी टेकून तो झेलतं. त्या जागा झिजल्या, तेलाने मऊ पडल्या की प्रत्येक गोळीला रायफल लाकडात थोडी वेगळी बसते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मार्चात आकसतं, त्यामुळे डिसेंबरात झिरो केलेली (गोळी नेमावर पडेल अशी साइट जुळवलेली) रायफल ऑगस्टात दुसरीकडे लागते आणि लोक म्हणतात नळी गेली.

म्हणून लाकडाचं काम चवथीच्या आसपास काढायचं नाही. नोव्हेंबर ते मार्च, हवा कोरडी असताना.

क्रम असा. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. ट्रिगर गार्डचा पुढचा मोठा स्क्रू बघा, सैल असेल तर आधी तो फक्त आवळून रेंजवर परत पाच गोळ्या मारा. कधीकधी रोग एवढाच असतो. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसेल असं हवं, नाहीतर घासून तसं करून घ्या, साध्या घरगुती स्क्रूड्रायव्हरने स्क्रूचं डोकं फाटतं आणि मग तो निघतही नाही.

दस्ता हलतोय? आता नीट ऐका, कारण या एका कामात चांगली लाकडं फुटतात. दस्ता आतून एका लांब बोल्टने धरलेला असतो, बुडाच्या पट्टीचं झाकण काढून आत लांब स्क्रूड्रायव्हर घालून तो आवळायचा. पण ली-एनफील्डच्या जुन्या नंबर १ पद्धतीत त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएंडमधल्या एका पट्टीत अडकून बसतं. फोरएंड जागेवर असताना बोल्ट फिरवलात की ते चौकोनी टोक आतून फोरएंडची मागची बाजू फोडतं. म्हणून आधी फोरएंड काढा, मग दस्त्याचा बोल्ट. उलटं कधीही नाही.

फोरएंड काढताना सरळ खाली, पुढून पकडून झुकवायचं नाही. निघाल्यावर आत बघा: काळं, तेलाने माखलेलं, नखाने दाबलं तर खड्डा पडणारं लाकूड, टेकायच्या दोन जागांवर तडे, कुठे चकाकी आलीय का, म्हणजे तिथे घासतंय.

कुठे टेकतं ते शोधायला समईवर धरलेल्या वाटीची काजळी घ्या, थेंबभर तेलात कालवून नळीच्या खालच्या बाजूला पातळ हात द्या, फोरएंड बसवा, स्क्रू आवळा, परत काढा. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे स्पर्श. एकाच बाजूला टेकत असेल तर तेवढंच बारीक पॉलिश पेपरने, दोन-चार हात, परत काजळी, परत बघा. एकदम घासू नका, लाकूड परत चिकटवता येत नाही.

आणि एक सापळा. मोबाईलवर सगळे सांगतात नळी मोकळी तरंगती ठेवा. ते एकसंध लाकडाच्या आणि जाड नळीच्या रायफलला ठीक. पातळ नळीच्या ली-एनफील्डला बरेचदा पुढच्या टोकाशी खालून थोडा आधार आवडतो. कळायचा स्वस्त मार्ग म्हणजे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी फोरएंडच्या पुढच्या टोकाशी नळीखाली ठेवून पाच गोळ्या मारायच्या आणि पट्टी काढून पाच. ज्याने ग्रुप आवळला तसं कायमचं करून घ्या. घासायचं नंतर, पत्रिका आधी.

मागच्या टेकायच्या जागा मऊ झाल्या असतील तर तेल काढून अरालडाइटने त्या पक्क्या करता येतात. हे करायचा हात नसेल तर गनस्मिथला द्या. स्वतः करणार असाल तर लोखंडाला मेणाचं बुटपॉलिश दोन थर लावल्याशिवाय अरालडाइट जवळही नेऊ नका, रायफल आणि लाकूड कायमचे एक होतात.

शेवटी सगळ्या आतल्या कच्च्या लाकडाला जवसाचं तेल, पातळ पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. बाहेरून व्हार्निश चकाचक आणि आतून लाकूड उघडं असेल तर ओल आतूनच शिरते. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, दोरीवर पसरून वाळवा आणि मग टाका.

७. साइट

पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची साइट, बोटाने हलते का बघा. हलत असेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. मागच्या साइटच्या पानाची स्प्रिंग मेली असेल तर पान धक्क्याने खाली-वर होतं.

ग्रुप घट्ट झाल्यावरच झिरो करायला घ्या, आधी नाही. माशी सरकवायची ती गोळी जिकडे जातेय तिकडेच, गोळी डावीकडे तर माशी डावीकडे. किती? गोळीची चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. समजा साइटमधलं अंतर ५०० मिलिमीटर, पन्नास मीटरवर गोळी १० सेंटिमीटर डावीकडे, तर माशी १ मिलिमीटर डावीकडे. पितळी ठोकणीने, हलक्या हाताने, आणि आधी पेन्सिलीने जुनी खूण करून.

उन्हात माशी चमकते आणि चमक जिकडे तिकडे नेम ओढला जातो. देवघरातला कापूर पेटवून त्याची काजळी माशीवर धरा, एकदम मॅट काळी होते. नेमबाज पूर्वीपासून हे करतात आणि पुसायला एक चिंधी पुरते.

स्कोपचा मोह आवरा. या रायफलीवर बसवायला भोकं पाडावी लागतात, ते गनस्मिथचं काम, आणि स्वस्त माउंट मोठ्या धक्क्याने सैल होऊन तुमचा ग्रुप अजून बिघडवतं.

८. चापाला हात लावू नका

धुवा, वाळवा, एक थेंब तेल. बस. आतली कड फाईलने घासून चाप हलका करणारे महाभाग असतात, आणि मग रायफल आपटली की आपोआप उडते. ली-एनफील्डचा चाप दोन टप्प्यांचा असतो, पहिला मोकळा आणि दुसरा भरीव, सवय केली की तो वाईट नाही.

९. काडतुसं

एकाच लॉटची घ्या. डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहा, आणि झिरो केलेला लॉट संपेपर्यंत दुसऱ्याशी मिसळू नका. आजोबांच्या काळातली हिरवट डाग पडलेली काडतुसं नेमासाठी तर नाहीतच, उडवायची पण नाहीत, डीलरला विचारून रीतसर जमा करा. घरी काडतूस भरायचे व्हिडिओ बघून हुरूप आला असेल तर विसरा, काडतूस बनवणंही कलम ५ मध्येच येतं.

१०. एका वेळी एकच बदल

सफाई केली, पाच गोळ्या. स्क्रू आवळला, पाच गोळ्या. वहीत तारीख, हवा, लॉट, ग्रुप. सगळं एकदम केलंत आणि ग्रुप बिघडला तर कशाने बिघडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. काडतुसांचा वर्षाचा कोटा बघून आधीच वाटणी करा आणि थोडी झिरोसाठी राखून ठेवा.

११. पावसाळा आणि निवडणूक

या दोन ऋतूंत केलेलं काम वाया जातं.

पावसाळ्यात रायफल चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात ठेवायची नाही, कव्हर ओल धरतं. कुलुपाच्या कपाटात, सोबत सिलिका जेल, ते मधूनमधून तापवून परत वापरता येतं. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून पुसा, घामाच्या बोटांचे ठसे तर हमखास गंजतात. शक्य असेल तर नळीचं तोंड खाली करून उभी ठेवा, नाहीतर तेल ओघळून मागच्या लाकडात मुरतं आणि तुम्ही पक्क्या केलेल्या जागा परत मऊ पडतात.

निवडणूक आली की रायफल जमा करायचा आदेश येतो, आणि आपल्याकडे विधानसभा, लोकसभा, जिल्हा पंचायत, पंचायत, पालिका असं काही ना काही चालूच असतं. पोलीस स्टेशनात ती आठवडेच्या आठवडे उभी राहते, तिथे कोणी पुसणार नाही आणि ती अपेक्षाही धरू नका. नेण्याआधी नळीत आणि बाहेर जाडसर ग्रीस, बोल्टवर पण, नंबरासकट पावती घ्यायची आणि परत घेताना तिथेच नंबर जुळवायचा. गंज येऊ नये म्हणून नळीच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबायची एक खोड लोकांना असते, ती मोडा. बोळा आतून ओल धरून ठेवतो आणि विसरून गोळी उडवली तर नळी फाटते. घरी आणल्यावर ग्रीस पूर्ण काढा, नळीतून उजेड आरपार दिसतो का बघा, स्क्रू तपासा, आणि पहिल्या रेंजला झिरो तपासायला तीन-चार गोळ्या धरून चला.

एवढं सगळं करूनही पन्नास मीटरवर गोळ्या वीतभर पसरत असतील, तोंड ठीक असेल, लाकूड ठीक असेल आणि दुसऱ्या जाणत्या नेमबाजाच्या हातूनही तोच ग्रुप येत असेल, तर मात्र नळीच गेलीय. नवीन नळीचा खर्च रायफलच्या किमतीच्या वर जातो, मी त्यात पैसे घालणार नाही. पंचवीस मीटरवर मजेसाठी ठेवा, नाहीतर डीलरमार्फत रीतसर विका, आणि लायसनवरची नोंद त्याच आठवड्यात बदलून घ्या.